भाषांतर थांबते तेथे : ‘तोक्यो साइबान’ आणि न्यायालयाची भाषा

१

गुन्हा शरीरांवर, शहरांवर, जमिनीवर घडतो. न्यायालयापुढे मात्र तो भाषेच्या रूपानेच येतो. आरोपपत्र, साक्ष, उलटतपासणी, युक्तिवाद, निकालपत्र ही सर्व भाषिक रूपे होत. त्यामुळे न्यायालय कोणत्या भाषेत बोलते, कोणाची भाषा त्याला ऐकू येते आणि एका भाषेतून दुसरीत जाताना काय गळून पडते, हे प्रश्न न्यायप्रक्रियेच्या बाहेरचे नसून तिच्या गाभ्यातले आहेत. मराठी वाचकाला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. तेव्हा ‘केसरी’तील मराठी लेख न्यायमूर्ती दावर यांच्यापुढील ज्यूरीने वाचले ते इंग्रजी भाषांतरातून. नऊ सदस्यांच्या त्या ज्यूरीत सात युरोपीय होते आणि दोन पारशी. भाषांतराने मूळ शब्दांचा रोख बदलला आहे, हा टिळकांच्या बचावातील एक प्रमुख मुद्दा होता. तो मान्य झाला नाही. सात विरुद्ध दोन अशा मताने ते दोषी ठरले आणि त्यांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मराठीतील मजकुराचा गुन्हा अशा रीतीने इंग्रजीत सिद्ध झाला.

न्याय आणि भाषांतर यांच्या या संबंधाचा विचार प्रस्तुत लेखात एका माहितीपटाच्या आधारे करावयाचा आहे. जपानी दिग्दर्शक मासाकी कोबायाशी यांचा ‘तोक्यो साइबान’ (टोकियो खटला) हा चित्रपट १९८३ मध्ये प्रदर्शित झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या युद्धकालीन नेत्यांवर चाललेल्या खटल्याचा हा २७७ मिनिटांचा चित्रपट आहे. १९८५ च्या बर्लिन महोत्सवात त्याला आंतरराष्ट्रीय समीक्षकांचे पारितोषिक मिळाले. आपल्याकडे या खटल्याची आठवण निघते ती बहुधा न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांच्या भिन्नमतपत्रामुळे, आणि तीही राष्ट्राभिमानाच्या सुरात. चित्रपटाची संहिता म्हणून नीट तपासणी केली तर मात्र तो पाल यांच्या गौरवापेक्षा निराळे आणि अधिक अस्वस्थ करणारे काही सांगतो, असे दिसून येईल.

२

युद्धोत्तर खटले आणि चित्रपट यांचे नाते प्रारंभापासूनच गुंतागुंतीचे आहे. न्यूरेंबर्ग येथे २९ नोव्हेंबर १९४५ रोजी छळछावण्यांचे चित्रण पुरावा म्हणून न्यायालयातच दाखवण्यात आले. तेथे चित्रपट हा साक्षीदार होता. त्याच खटल्यावर सोव्हिएत दिग्दर्शक रोमान कारमेन आणि अमेरिकेचे स्टुअर्ट शुलबर्ग यांनी स्वतंत्र माहितीपट केले. शुलबर्ग यांचा १९४८ चा चित्रपट जर्मनीत दाखवला गेला, पण बदललेल्या राजकारणामुळे अमेरिकेत तो दाखवला जाण्यास सहा दशके जावी लागली. म्हणजे जेत्याने केलेले चित्रणसुद्धा जेत्याला नेहमी सोयीचे असतेच असे नाही.

कोबायाशी यांच्यापुढील सामग्री याच जातीची होती. टोकियोतील इचिगाया येथे, पूर्वीच्या लष्करी इमारतीत, ३ मे १९४६ ते १२ नोव्हेंबर १९४८ या काळात हा खटला चालला. अकरा राष्ट्रांचे न्यायाधीश, २८ आरोपी, ४१९ साक्षीदार आणि ४,३३६ पुरावे असा त्याचा विस्तार होता. अमेरिकन लष्कराच्या छायाचित्रकारांनी त्याचे विपुल चित्रण केले. पुढे खुल्या झालेल्या सुमारे पाच लाख फूट फितीतून आणि तत्कालीन वृत्तपटांतून कोबायाशी यांनी आपली संहिता रचली. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे : कॅमेरा कोठे ठेवायचा, केव्हा सुरू करायचा, कोणाच्या चेहऱ्यावर रोखायचा हे सर्व आधीच जेत्याने ठरवलेले होते. दिग्दर्शकाला मोकळीक होती ती निवडीची, क्रमाची आणि ध्वनीची. म्हणून या चित्रपटाचे कर्तृत्व दृश्यापेक्षा श्राव्यात शोधले पाहिजे.

कोबायाशी हे या विषयाला अपघाताने भिडलेले दिग्दर्शक नव्हेत. १९४२ मध्ये त्यांची सैन्यात भरती झाली आणि मांचुरियात रवानगी झाली. शिपायाच्या वरची बढती त्यांनी नाकारली. युद्धाच्या अखेरीस ते ओकिनावात युद्धकैदी होते. कनिष्ठ दर्जाच्या युद्धगुन्हेगारांवरचा त्यांचा ‘जाड भिंतींची खोली’ हा कथापट १९५३ मध्ये पुरा झाला. अमेरिकनांचा रोष ओढवेल या भीतीने निर्मितीसंस्थेने तो १९५६ पर्यंत अडकवून ठेवला. ‘मानवी स्थिती’ (१९५९-६१) या प्रदीर्घ चित्रत्रयीचा नायकही क्रूर यंत्रणेत राहून तिला नकार देऊ पाहणारा माणूस आहे. नेते दोषी की निर्दोष एवढाच प्रश्न अशा दिग्दर्शकाला पुरणारा नव्हता. आज्ञा देणारा आणि आज्ञा पाळणारा यांच्यामधून शब्द कसा प्रवास करतो, हा त्यांचा जुना विषय आहे.

चित्रपटात सम्राट हिरोहितो यांचे १५ ऑगस्ट १९४५ चे शरणागतीचे नभोवाणी भाषण ऐकू येते. दरबारी अभिजात जपानीतील ते भाषण असंख्य सामान्य श्रोत्यांना नीट कळलेच नव्हते, ही सर्वश्रुत गोष्ट आहे. युद्ध संपल्याची वार्ता प्रजेपर्यंत आली तीच मुळी उलगडून सांगावी लागणाऱ्या भाषेत. त्या प्रजेच्या नेत्यांवरील खटला पुढे चालला तो तर सरळ दुसऱ्याच भाषेत.

३

न्यायाधिकरणाच्या सनदेनुसार कामकाज इंग्रजी आणि आरोपींची भाषा अशा दोन भाषांत चालावयाचे होते. भाषांतराची व्यवस्था तीन पायऱ्यांची होती. प्रत्यक्ष दुभाषे बहुतेक जपानी. त्यांच्यावर लक्ष ठेवणारे पर्यवेक्षक म्हणजे अमेरिकेत जन्मलेले जपानी वंशाचे नागरिक. आणि वादग्रस्त शब्दांचा निर्णय देणारे मंडळ अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याच्या हाताखाली. या उतरंडीत भाषेचे ज्ञान आणि सत्ता यांचा क्रम परस्परांच्या उलट लागलेला आहे. पर्यवेक्षकांपैकी डेव्हिड अकिरा इतामी यांनी १९५० मध्ये आत्महत्या केली. दोन मायभूमींत विभागलेल्या या माणसाच्या आयुष्याने पुढे जपानी कादंबरीलाही विषय पुरवला.

पडद्यावर या व्यवस्थेची खूण म्हणजे कानावरचे श्रवणयंत्र. पहिल्याच दिवशी शुमेई ओकावा हा आरोपी पुढे बसलेल्या हिदेकी तोजोच्या डोक्यावर चापट मारतो, हे दृश्य सर्वांच्या लक्षात राहते. पण संहितेचा खरा आवर्ती घटक ते श्रवणयंत्रच आहे. अखेरच्या भागात आरोपी एकेक करून आत आणले जातात, श्रवणयंत्र चढवतात, शिक्षा ऐकतात आणि परत नेले जातात. शिक्षा उच्चारणारा न्यायाध्यक्ष सर विल्यम वेब समोर आहे. मृत्यू मात्र कानात येतो तो दुभाष्याच्या आवाजात. सात जणांना फाशी सांगितली गेली. भाषांतर ही एरवी अदृश्य राहणारी क्रिया. ती येथे प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसते.

अशा व्यवस्थेत भाषांतर थांबते तेव्हा काय होते, हे १४ मे १९४६ च्या प्रसंगात दिसते. हा प्रसंग चित्रपटाचा केंद्रबिंदू मानावा लागेल. बचावपक्षाचे वकील बेन ब्रूस ब्लेकनी हे अमेरिकन लष्करातील मेजर होते. युद्धातील मनुष्यहानीला खून म्हणता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. पर्ल हार्बरवरील हल्ल्यात अमेरिकन ॲडमिरल मारला गेला तो खून ठरत असेल, तर हिरोशिमावर अणुबाँब टाकणाऱ्याचे, त्याची योजना आखणाऱ्याचे आणि त्या राष्ट्राच्या प्रमुखाचे नावही आपल्याला ठाऊक आहे, असा त्याचा आशय होता. हा युक्तिवाद चालू असताना जपानी भाषांतर बंद झाले. इंग्रजी कार्यवृत्तात तो मजकूर राहिला. जपानी कार्यवृत्तात त्या जागी भाषांतर नसल्याची नोंद तेवढी राहिली. बाँब ज्यांच्यावर पडला त्यांच्याच भाषेत त्या बाँबचा उल्लेख पोहोचला नाही. पुढे ३७ वर्षांनी कोबायाशी यांनी तो प्रसंग जपानी उपशीर्षकांसह पडद्यावर आणला तेव्हा बहुसंख्य जपानी प्रेक्षकांना तो प्रथमच कळला.

समीक्षेच्या दृष्टीने ही कृती मोलाची आहे. दिग्दर्शकाने येथे स्वतःचे भाष्य जोडलेले नाही. जे न्यायालयाने गाळले ते त्या त्या जागी भरले, एवढेच. एरवीही केई सातो यांच्या आवाजातील निवेदन माहितीच्या पातळीवर राहते आणि तोरू ताकेमित्सु यांचे संगीत काटकसरीने वापरलेले आहे. चित्रपटाने घेतलेली बाजू निवेदनात सापडत नाही. ती सापडते न्यायालयाच्या ध्वनिपटातील एक भोक बुजवण्यात.

मात्र या प्रसंगाचा सोपा अर्थ लावण्याचा मोह टाळला पाहिजे. येथे जो शब्द गाळला गेला तो जिताच्या भाषेतला नव्हता. तो जेत्याच्याच भाषेत, जेत्याच्याच लष्करी अधिकाऱ्याने उच्चारलेला होता. आणि हिरोशिमाचे मृत त्या युक्तिवादात आले ते स्वतःची दाद मागण्यासाठी नव्हे. सेनापती आणि मंत्र्यांच्या बचावातील एक दाखला म्हणून आले. भाषांतर पुरे झाले असते तरी हिरोशिमातील कोणी त्या न्यायालयात बोलले नसते. गाळलेला शब्द परत मिळणे आणि ज्याला कधी शब्द मिळालाच नाही त्याला तो मिळणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील भेद पुढील विवेचनाला आवश्यक आहे.

४

न्यायमूर्ती पाल यांच्याकडे या भेदाच्या प्रकाशात पाहता येईल. अकरा न्यायाधीशांत आशियाई तिघेच होते : चीनचे, फिलिपिन्सचे आणि अद्याप स्वतंत्र न झालेल्या भारताचे पाल. सर्व आरोपींना सर्व आरोपांतून मुक्त करणारे त्यांचे विस्तृत भिन्नमतपत्र न्यायालयात वाचले गेले नाही. बचावपक्षाची तशी मागणी असूनही वेब यांनी बहुमताचा निकाल तेवढा वाचला. परकी सत्ता असेतोवर ते जपानमध्ये प्रकाशितही होऊ शकले नाही. ‘ऐकू न येऊ दिलेला शब्द’ या सूत्राची ही दुसरी घडण होय.

त्यानंतर मात्र पाल यांचे जे वाचन झाले त्यात त्यांचा शब्द वेगळ्या रीतीने गाळला गेला. जपानमधील पुनरुत्थानवाद्यांनी त्यांना ‘जपान निर्दोष’ म्हणणारा न्यायाधीश केले. २००५ मध्ये यासुकुनी देवस्थानात त्यांचे स्मारक उभे राहिले. आपल्याकडेही ‘एकट्या भारतीयाने जेत्यांना सुनावले’ या कथेपलीकडे चर्चा क्वचितच जाते. वस्तुतः जपानी सैन्याने केलेल्या अत्याचारांचा पुरावा पाल यांनी नाकारलेला नाही. नानकिंगच्या बाबतीत तो जबरदस्त असल्याचे त्यांनी मान्य केले आहे. त्यांचा आक्षेप होता तो कट सिद्ध झाला नाही, कृत्याच्या वेळी अस्तित्वात नसलेला कायदा मागाहून लावता येत नाही आणि जेत्याने भरवलेल्या न्यायासनाला कायद्याचा अधिकार आपोआप येत नाही, हा. आरोपी निर्दोष ठरतात ते कायद्याच्या भाषेत; अत्याचार घडलेच नाहीत असा त्याचा अर्थ होत नाही. हा फरक पुसून टाकणारे कोणतेही वाचन, मग ते टोकियोतले असो वा आपल्याकडचे, पाल यांना त्यांच्याच वाक्यांपासून तोडते.

खुद्द पाल यांच्या भूमिकेतही एक मर्यादा आहे. वसाहतवादी राष्ट्रांना आक्रमणाचा न्याय करण्याचा नैतिक अधिकार कोठून आला, असे विचारताना त्यांचे लक्ष राष्ट्राराष्ट्रांतील समतेवर आहे. नानकिंगची स्त्री किंवा बळजबरीने राबवलेला कोरियन मजूर या समतेच्या गणितात बसत नाही. कोरियाला तर त्या न्यायासनावर जागाच नव्हती.

५

चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी, १९८३ मध्ये, फ्रेंच तत्त्वज्ञ झाँ-फ्रान्स्वा ल्योतार यांचा ‘ल दिफेराँ’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हा योगायोग असला तरी दोन्ही संहिता शेजारी ठेवून वाचण्याजोग्या आहेत. ल्योतार दोन प्रकारचे संघर्ष वेगळे करतात. एकात दोन्ही पक्षांना मान्य असा निकष असतो, नुकसान सांगता येते आणि निवाडा होऊ शकतो, हा दावा. दुसऱ्यात निवाड्याची भाषा एका पक्षाचीच असते, आणि दुसऱ्यावर झालेला अन्याय त्या भाषेत मांडताच येत नाही. तेथे अन्यायग्रस्त दावेदार होऊच शकत नाही, कारण सिद्ध करण्याची साधनेच त्याच्यापासून हिरावलेली असतात. या दुसऱ्या प्रकाराला ते ‘दिफेराँ’ म्हणतात.

ब्लेकनी प्रसंग हा या अर्थाने पहिल्या प्रकारचा आहे. तेथे शब्द होता, भाषा होती. तुटली ती फक्त जोडणी. उपशीर्षकाने ती सांधता आली. दुसऱ्या प्रकारच्या मौनापुढे मात्र माहितीपटाचे हे साधन अपुरे पडते. सम्राट आरोपी नव्हते. ३१ डिसेंबर १९४७ रोजी तोजो बोलून गेला की सम्राटाच्या इच्छेविरुद्ध कोणी जपानी वागत नाही. आणि ६ जानेवारी १९४८ रोजी मुख्य अभियोक्ता जोसेफ कीनन यांच्याच प्रश्नांच्या ओघात त्याने ते विधान सावरून घेतले. येथे भाषांतरात काही हरवले नाही. अभियोक्ता आणि आरोपी यांनी मिळून एक वाक्य निष्प्रभ केले. मांचुरियातील जैविक प्रयोग करणाऱ्या ७३१ क्रमांकाच्या तुकडीला अमेरिकेने अभय दिले. तो विषय त्या निवाड्याच्या कक्षेत आलाच नाही. लष्करी वेश्यागृहांत डांबलेल्या स्त्रियांविषयीचे काही पुरावे न्यायालयापुढे आले होते, पण निकालपत्रात त्यांना ओझरत्या उल्लेखापलीकडे स्थान मिळाले नाही.

या शेवटच्या बाबतीत चित्रपटाची मर्यादा कालबद्ध आहे. कोरियातील किम हाक-सून यांनी स्वतःच्या नावानिशी जाहीर साक्ष दिली ती १४ ऑगस्ट १९९१ रोजी, म्हणजे चित्रपटानंतर आठ वर्षांनी. डिसेंबर २००० मध्ये टोकियोतच स्त्रियांनी लोकन्यायाधिकरण भरवले ते त्यानंतर. न्यायालयाच्या चित्रणातून माहितीपट घडवणारा दिग्दर्शक न्यायालयाने गाळलेले परत आणू शकतो. न्यायालयाच्या कॅमेऱ्यापुढे जे आलेच नाही ते त्याला फितीत सापडणार नाही. हा दोष एकट्या कोबायाशींचा नाही. दस्तऐवजावर आधारलेल्या सर्व इतिहासाचा तो दोष आहे. म्हणून या चित्रपटाला ‘टोकियो खटल्याचे अंतिम सत्य’ मानणे चुकीचे, आणि त्याला जपानी राष्ट्रवादाची कैफियत ठरवणे तितकेच चुकीचे. एका विशिष्ट मौनाचा तो अत्यंत काटेकोर अभ्यास आहे; दुसऱ्या मौनाच्या उंबरठ्यावर तो थांबतो.

६

इचिगायापासून दूर, नवापूरसारख्या ठिकाणी बसून हा भेद पाहणाऱ्या वाचकाला तो केवळ तात्त्विक वाटणार नाही. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नवापूर स्थानक महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या सीमारेषेवर आहे. फलाटाचा काही भाग एका राज्यात, काही दुसऱ्यात. तेथील घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती या चार भाषांत होतात. भाषिक औदार्याचे उदाहरण म्हणून ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. तालुक्यातील बहुसंख्य आदिवासींच्या घरात बोलली जाणारी मावची या चारांत नाही. सीमा ज्या भाषांच्या नावाने आखली गेली त्यांनाच सीमेवर आवाज मिळाला.

तोजोच्या आणि येथील आदिवासी आरोपीच्या स्थितीत साम्य आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. एक सत्तेच्या शिखरावरून न्यायालयात आला, दुसरा तिच्या पायथ्याशी जन्मला. साम्य आहे ते न्यायासनाच्या रचनेत. आरोपीला न कळणाऱ्या भाषेतील साक्ष त्याला कळणाऱ्या भाषेत खुल्या न्यायालयात सांगितली पाहिजे, असे १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता सांगत होती, आणि १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणारी नागरिक सुरक्षा संहिताही सांगते. ही पहिल्या मौनावरची तरतूद होय, आणि ती प्रामाणिकपणे पाळली गेली तरी मोठी गोष्ट होईल. पण पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जंगलजमिनीला कायद्यात ‘अतिक्रमण’ हाच शब्द असेल, तर मावचीतून मराठीत कितीही अचूक भाषांतर केले तरी सांगणाऱ्याचे म्हणणे गुन्ह्याची कबुली म्हणूनच नोंदले जाईल. येथे दुभाषा पुरत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्या उद्देशिकेत आदिवासींवरील ऐतिहासिक अन्यायाची कबुली दिली, तेव्हा कोठे ‘अतिक्रमण करणारा’ हा ‘हक्कदार’ या शब्दात बोलू शकला. दिफेराँचा दावा व्हावयाचा तर कायद्याची शब्दकळाच बदलावी लागते, याचे हे आपल्याकडचे उदाहरण.

याच जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, नर्मदेच्या काठी, ही गोष्ट आणखी ठळकपणे घडली. नर्मदा पाणीतंटा लवाद १९६९ मध्ये स्थापन झाला आणि १९७९ मध्ये त्याने निवाडा दिला. तंट्यातील पक्ष होते ते गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि राजस्थान. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील जी ३३ गावे बाधित व्हावयाची होती ती पक्षकार नव्हती. ती निवाड्याचा विषय होती. लवादाने पुनर्वसनाच्या तरतुदी केल्या, जमिनीच्या बदल्यात जमीन देऊ केली. पण ‘खातेदार’ या शब्दाबाहेर राहिलेला जंगलातील शेतकरी त्या तरतुदीला दिसला नाही. राज्यांमधील तंटा सुटला. माणसांचा मांडलाच गेला नव्हता.

आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा ‘ए नर्मदा डायरी’ हा १९९५ चा माहितीपट कोबायाशींच्या चित्रपटाशेजारी ठेवला पाहिजे तो यासाठी. कोबायाशींपाशी न्यायालयाची संपूर्ण फीत आहे, आणि ते तिच्यातील गाळलेली जागा भरतात. पटवर्धन-धुरूंपाशी तशी फीत नाही, कारण त्यांची माणसे लवादापुढे कधी उभीच राहिली नाहीत. म्हणून त्यांना कॅमेरा घेऊन काठावरच्या पाड्यांत जावे लागते. पहिला माहितीपट न्यायालयाची नोंद दुरुस्त करतो. दुसरा नोंदीच्या बाहेरच्यांची नोंद करतो. उपशीर्षक दोन्हींत आहे, पण त्याचे कार्य एकच नाही. पहिल्यात ते हिरावलेला शब्द परत करते. दुसऱ्यात ज्याला न्यायासनाने शब्द मानलेच नव्हते त्याला शब्द म्हणून पुढे ठेवते.

खटल्यावरील माहितीपटांच्या समीक्षेने आजवर बहुधा ‘चित्रपट कोणाच्या बाजूचा?’ हाच प्रश्न विचारला आहे. ‘तोक्यो साइबान’ची चर्चाही जेत्यांचा न्याय विरुद्ध जपानचा अपराध या दोन खांबांमध्ये फिरत राहिली. त्याऐवजी चित्रपट कोणत्या मौनावर काम करतो आणि कोणते मौन त्याच्या साधनांच्या पलीकडे राहते, असे विचारले तर समीक्षेच्या हाती अधिक काही लागेल. मराठीत या दिशेने काम करण्यास वाव मोठा आहे. १९०८ च्या खटल्यातील मराठी मजकूर आणि त्याची इंग्रजी भाषांतरे समोरासमोर ठेवून तपासणे हा त्याचा एक भाग. खानदेशातील न्यायालयांत भिल्ली, मावची, कोकणी बोलणाऱ्यांची साक्ष मराठीत कशी उतरते याचा प्रत्यक्ष दस्तऐवजांच्या आधारे अभ्यास, हा दुसरा आणि अधिक निकडीचा. त्या साक्षी ज्यांच्या बोलीत दिल्या जातात त्यांच्यातील काही जण आता पदव्युत्तर वर्गांत बसत आहेत. हा अभ्यास दुभाष्याशिवाय करू शकतील असे अभ्यासक प्रथमच उपलब्ध होत आहेत.